होट्टी हेंग ऐति

शहापुरात, खडेबाजाराच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर
माझं पार्लर. आरसा एक, खुर्च्या दोन.
खाली पातळांचं दुकान,
म्हणून जिन्यात बारा महिने खळीचा वास.

काल येळ्ळूरची श्रुतिका हुंदरे आली.
लग्नाला बावीस दिवस.
तोंडावरची ओढणी सोडली तर हनुवटीभर पुटकुळ्या,
एक तर नखानं फोडलेली, अजून ओली.
"गोल्ड फेशियल कर ताई, काय लागेल ते कर."
मी तिचा चेहरा दिव्याखाली घेतला
आणि विचारलं, सकाळी पोट साफ होतंय काय गं?
ती आरशातल्या आरशात
दुसरीकडंच बघू लागली.

मीही अशीच बघितली होती.
एकोणीस वर्षांची. गणपत गल्लीत भांड्यांच्या दुकानात कामाला.
सकाळी चहा-खारी, दुपारी मिरची भजी,
संध्याकाळी गिरमिट, वर पुन्हा चहा,
आणि रात्री आईनं वाढलेलं ताट सरकवून
गालावर टूथपेस्ट लावून झोपायचं.
दिवसभर माझं काम स्टीलची पातेली पुसायचं.
प्रत्येक पातेल्यात मी दिसायची,
प्रत्येकात वेगळी, पुटकुळ्या तेवढ्या त्याच.

निंगव्वा हिरेबागेवाडीहून पहिल्या बसनं यायची,
टोपलीत दह्याची गाडगी, तोंडाला केळीचं पान.
आमच्या पायरीवर बसायची, मालक बोलायचे नाहीत.
एकदा माझ्याकडं टक लावून म्हणाली,
"होट्टी हेंग ऐति?"

राग आला मला.
मी तोंड लपवूलालेय
आणि ही बाई पोट विचारूलालीय.

ती हसली नाही. अर्धं कानडीत, अर्धं आमच्यात सांगत गेली:
चुलीत ओलं लाकूड घातलं तर
धूर कौलातनं निघतोय.
तू रोज शिडी लावून कौलं पुसूलालीस.
आणि पेलाभर ताक पुढं केलं,
जिरं, ठेचलेलं आलं, तळाला थोडी नाचणीची आंबील.
पैसे शनिवारी दे म्हणाली.

आठ दिवसांत काही झालं नाही.
महिन्यातही नाही, खोटं कशाला सांगू.
भजी सुटायलाच दोन महिने गेले,
आणि तेही गंपू हलवाई गावाला गेला म्हणून.
मग एका सकाळी पोट हलकं झालं,
इतकं हलकं की मी दुकानापर्यंत चालत आले,
आणि तोंडाचं काय झालं ते बघायचंच विसरले.

त्याच वर्षी बाजारातल्या पाट्यांना काळं फासलं.
ह्या भाषेतल्या त्यांनी, त्या भाषेतल्या ह्यांनी.
मालकांनी पाटीवर गोणपाट बांधलं.
गावाचं तोंड उठलं होतं,
जो तो तेच चोळत होता.
चार दिवस बस नाही, निंगव्वा नाही.
मी घरी दही लावून बघितलं. नासलं.

पाचव्या दिवशी पायरीवर तीच टोपली.
गाडगी कमी, दही आंबट, पायात एकच चप्पल.
कुठनं आली, कशी आली, काही बोलली नाही.
पेला भरला आणि विचारलं तेच.
मी पहिल्यांदाच तिच्या भाषेत उत्तर दिलं,
"छलो ऐति."
तिनं उच्चार सुधारला. मी परत म्हणाले.

डाव्या गालावर एक खड्डा राहिलाय अजून.
गिऱ्हाइकांना मी तो झाकून दाखवत नाही.

श्रुतिकाला गोल्ड केलं नाही.
गार पाण्यानं तोंड धुतलं, बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं,
आणि वीस रुपये घेतले.
"बावीस दिवसांत जाईल?"
नाही जाणार सगळं, म्हटलं. हळदीच्या दिवशी थोडं दिसेल.
आणि महिनाभरात नाहीच हललं
तर कॅम्पातल्या डॉक्टरबाईकडं जा, लाजू नकोस.

ती ओढणी बांधून जिना उतरली.
खळीच्या वासात, अर्ध्यावर थांबली,
दोन पायऱ्या परत वर आली,
आणि हळूच, जणू उधारी सांगावी तसं म्हणाली,
"तीन दिवस झाले, ताई."